काय काम आहे?

गेल्या महिन्यातली गोष्ट. दक्षिण मुंबईतल्या एका खासगी आर्ट गॅलरीत चाळींवरचं प्रदर्शन लागलं होतं. जुने फोटो, दारं-खिडक्यांचे तुकडे, एक पत्र्याची ट्रंक, भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवलेला जिना, असं काय काय मांडलंय हे मी आधी मोबाईलवर बघितलं होतं. म्हटलं, बाबांना दाखवू. बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. रविवारी मेगाब्लॉक नाही हे बघून डोंबिवलीहून फास्ट लोकलने व्हीटीला गेलो (बाबा अजून व्हीटीच म्हणतात, मीही त्यांच्याबरोबर असलो की तेच म्हणतो), तिथून टॅक्सी केली. मी टॅक्सीवाल्याला पैसे देत होतो तेवढ्यात बाबा पुढे गेले. काचेच्या दारापाशी उभ्या असलेल्या सिक्युरिटीवाल्याने त्यांना विचारलं, "काय काम आहे?"

उद्धटपणे नाही विचारलं. साध्या आवाजात विचारलं. बाबा म्हणाले, "काही नाही, काही नाही," आणि दोन पावलं मागे सरकून फुटपाथवर उभे राहिले.

मी आलो, "प्रदर्शन बघायचंय" म्हटलं, त्याने दार उघडलं. आम्ही आत गेलो, सगळं बघितलं, बाहेर आलो. कुणी अडवलं नाही, कुणी अपमान केला नाही. लेखी तक्रार करावी असं काही घडलंच नाही. पण त्या दाराच्या आत जे मांडलं होतं ते बाबांचं आयुष्य होतं. तशीच ट्रंक आमच्या माळ्यावर आहे. आणि ज्याचं आयुष्य आत मांडलंय त्याला दारात सांगता येत नव्हतं की आपलं इथे काय काम आहे.

परत येताना लोकलमध्ये मी जरा तावातावाने बोलत होतो. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, मी पण वीस वर्षं लोकांना हेच विचारलं."

खरं आहे. संपानंतर बाबा डोंबिवलीतल्या एका सोसायटीत वॉचमन होते. त्याआधी सोळा वर्षं गिरणीत. कणकवलीजवळच्या आमच्या गावातून १९६६ साली अठराव्या वर्षी मुंबईत आले ते थेट परळला, गावकऱ्यांच्या खोलीत. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून झोपायला जागा पुरायची. जेवण खानावळीत, आंघोळ सार्वजनिक नळावर. आधी बदली कामगार, मग कायम, साचे खात्यात. साचा म्हणजे माग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण हा शब्द आता आमच्या घरातही माझ्या मुलीला समजावून सांगावा लागतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. त्यांतले एक बाबा. त्यांच्या गिरणीच्या जागेवर आज काय आहे ते लिहीत नाही, परळला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

बाबा गिरणीबद्दल घरी फारसं बोलायचे नाहीत. कधी बोललेच तर दोन-तीन ठरलेले किस्से. एक जॉबरचा, एक दसऱ्याला साच्यांची पूजा व्हायची त्याचा. बाकी बंद. ते पहिल्यांदा सलग बोलले ते एका आर्ट गॅलरीत, म्हणून हे सगळं लिहितोय.

२०१९ च्या डिसेंबरात फोर्टातल्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये सुधीर पटवर्धन यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन होतं, 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' नावाचं. पटवर्धन हे ठाण्याचे. पेशाने रेडिओलॉजिस्ट. २००५ पर्यंत एक्स-रे काढण्याची प्रॅक्टिस करत होते आणि सोबत चित्रं. इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस, लोकलमधली गर्दी, रुळांच्या कडेची वस्ती, पूल, नाले, बांधकामं. मुंबई आणि ठाण्याच्या कामकरी माणसाला इतकी वर्षं सलग, त्याच्या अंगाच्या वजनासकट कुणी रंगवलं असेल तर ते त्यांनी. मी त्यांची चित्रं पुस्तकांत बघितली होती. प्रत्यक्ष बघायची होती, आणि बाबांना घेऊन बघायची होती.

रीगलच्या सर्कलपाशी उतरलो. इमारत दिसल्यावर बाबा थांबले. म्हणाले, "हा कावसजी हॉल ना?"

मला माहीत नव्हतं. मी त्या इमारतीत चार-पाच वेळा गेलो होतो आणि माझ्यासाठी ती कायम एनजीएमए होती. बाबांना ती गॅलरी आहे हेच माहीत नव्हतं. "इथे आमची मीटिंग झालेली. खच्चून भरलेला हॉल." घरी येऊन वाचलं. सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल, १९११ च्या सुमाराचा. तिथे सभा व्हायच्या, गाण्याच्या मैफली व्हायच्या, बॉक्सिंगच्या लढती व्हायच्या, लग्नाची रिसेप्शनं व्हायची आणि हो, कामगार संघटनांच्या सभाही व्हायच्या. १९९६ साली तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. आतून सगळं बदललं, अर्धगोल जिने आणि मजले आले. म्हणजे मी बाबांना कलेच्या घरात पाहुणा म्हणून घेऊन चाललो होतो आणि ते चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्याच छपराखाली घोषणा देऊन गेले होते. मला माझीच जरा लाज वाटली, खरं सांगतो. आपण आपल्या माणसांना 'दाखवायला' नेतो, आणि शहर त्यांनी आपल्याआधी बघितलेलं असतं.

आत गेल्यावर पहिला प्रश्न, "हा चित्रकार डॉक्टर आहे म्हणतोस?" म्हटलं, हो, एक्स-रेवाला. "मग आमच्या छातीचे फोटो काढले असतील यानं." बाबांनी विनोद केला नव्हता. साचे खात्यात, त्रासन खात्यात काम करणाऱ्या माणसाची छाती हा वेगळा विषय आहे. कापसाची धूळ, खोकला, टीबी. बाबांच्या खोलीतल्या दोघांना त्यात गाव गाठावं लागलं.

आता बाबांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. बाबा मोठ्याने बोलतात. सोळा वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर कान जातात आणि माणसाला स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही. गॅलरीत तर सगळे कुजबुजतात, देवळातसुद्धा इतकी शांतता नसते. बाबांचा आवाज त्या अर्धगोल जिन्यात घुमत होता, लोक वळून बघत होते आणि मी "बाबा, हळू" असं दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही. कारण एका चित्रासमोर उभे राहून ते म्हणाले, "माणसं बरोबर काढलीयत. खांदे बघ. पण सगळी गप्प का?"

मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. शहरातला एकटेपणा वगैरे. बाबांना ते पटलं नाही. "एकटं कोण होतं? एका खोलीत पंचवीस जण. एकटं व्हायला संडासात पण नंबर लागायचा." मग त्यांनी सांगितलं की साचे खात्यात आवाजामुळे बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे हाताने आणि ओठांनी बोलायचे. चहा प्यायला चल, जॉबर येतोय, सूत तुटलं, आज रात्री भजन आहे, याच्या सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. त्यांनी त्या करून दाखवल्या. फोर्टातल्या त्या गॅलरीत, चित्राकडे पाठ करून. दोन मुली, कुठल्यातरी आर्ट कॉलेजच्या असाव्यात, वह्या घेऊन जवळ आल्या. मग काय, बाबांना चेव चढला. अर्धा तास बोलले. त्यात थोडी फुशारकीही होती (लेझीम पथकात आपण पहिल्या रांगेत होतो वगैरे, जे आईने नंतर साफ नाकारलं). पण शाहिरांचे कार्यक्रम, कामगार रंगभूमीवरची नाटकं, भजनी मंडळांच्या स्पर्धा, व्यायामशाळा, गावच्या दशावताराला वर्गणी काढून सगळ्या खोलीने एकत्र जाणं, हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होतो. सत्तेचाळीस वर्षांचा आहे मी आज. तेव्हा चाळिशीत होतो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की आम्हाला कुणीही दाखवतं तेव्हा थकलेलं दाखवतं. हरलेलं दाखवतं. आम्ही थकायचो, पण फक्त थकायचो नाही.

हे म्हणणं मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरतोय. आणि जितकी प्रदर्शनं बघतो तितकं ते मला खरं वाटत चाललंय. स्मृती हा सध्या गॅलऱ्यांमधला मोठा चलनी विषय आहे. ओळख, विस्थापन, हरवलेलं शहर. विषय चांगलाच आहे, मी तर त्यासाठीच जातो. पण भिंतीवर येते ती बहुतेक वेळा एकाच चवीची आठवण, गेलेल्याची हळहळ. गंजलेलं कुलूप, पोपडे आलेली भिंत, रिकामी खुर्ची. ज्यांचं गेलं ते लोक मात्र आठवणी सांगायला लागले की हसतात, शिव्या देतात, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या लोकांना बोलतं करून जे पुस्तक केलं ते वाचा, 'कथा मुंबईच्या गिरणगावची'. त्यात दुःख आहेच, पण माणसं कशी फडफडतायत बघा पानापानावर.

इथेच थांबलो असतो तर ही पोस्ट सोपी झाली असती. बाबा खरे, गॅलरी खोटी. पण तसं नाहीये.

धोटा म्हणजे मागातलं ते होडीसारखं लाकूड, जे सूत घेऊन इकडून तिकडे धावतं. कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. दिवसातून शेकडो वेळा. एकाने ओठ लावलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार. या एका कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचे खात्यात घेत नसत, आणि साचे खात्यात मजुरी जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा जाहीरपणे लावून धरला होता. मी हे वाचलं तेव्हा बाबांचं प्रदर्शनातलं ते भाषण आठवलं, "आम्ही सगळे एक होतो." विचारलं त्यांना एकदा. तुमच्या खात्यात होते का? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "होते. पण कमी होते. त्रासनला जास्त." पाण्याचं? "माझ्या वेळी पिंप एकच होतं. आधी वेगळं होतं म्हणायचे." आणि खोलीत? "खोलीत आमच्याच गावचे. आमच्याच भावकीतले."

म्हणजे आठवणीलाही कोपरे असतात जिथे आपण दिवा नेत नाही. चित्रकाराने माणसं गप्प काढली हे बाबांना खटकलं. बाबांच्या बोलक्या गिरणीतही काही माणसं गप्पच होती, हे मला त्यांच्या तोंडून काढून घ्यावं लागलं.

म्हणून मला अमोल के. पाटील या चित्रकाराचं काम महत्त्वाचं वाटतं. मुंबईचाच, १९८७ चा जन्म. आजोबा पोवाडे रचणारे-गाणारे, वडील महापालिकेत नोकरी करत प्रायोगिक नाटकं लिहिणारे. सफाई कामगार, चाळ, कातडीवरची धूळ, चालण्या-उठण्याची लकब, हे त्याचे विषय. २०२२ साली जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटामध्ये त्याचं काम होतं, २०२३ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत. तिथे जाणारा लंडनकर मुंबईच्या सफाई कामगाराच्या समोर उभा राहतो. आणि इथे आपल्यातल्या किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय? मी स्वतः बातमी लंडनची आली तेव्हाच शोधायला लागलो, त्यामुळे मी कुणाला बोट दाखवत नाही. पण घरातला पोवाडा आणि घरातलं नाटक घेऊन कुणी गॅलरीत येतो, तेव्हा ती आठवण दुसऱ्याने बाहेरून टिपलेली राहत नाही, एवढं मला दिसतं. सावी सावरकर, प्रभाकर कांबळे ही नावंही शोधून बघा. एकेकाने ज्या गोष्टी कॅनव्हासवर आणल्यात त्या आपल्या दिवाणखान्यात कुणी बोलत नाही.

बाहेरून बघणं म्हणजे काय, हे कुठे नीट दिसत असेल तर भायखळ्याला. राणीच्या बागेच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली लोकांसाठी उघडलं, तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव दिलं. नूतनीकरणानंतर तर बघत राहावं असं झालंय. तिथे काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. मुंबई इलाख्यातल्या वेगवेगळ्या जाती-जमाती, वेगवेगळे धंदे. पगड्या, लुगडी, हत्यारं, बसण्याची ढब, सगळं इतकं बारीक की तोंडात बोट जावं. बाबा अर्धा तास तिथून हलले नाहीत. पण कुठल्याच बाहुलीला नाव नाही. हा अमुक जातीचा, तो तमुक धंद्याचा. ज्याला बसवून कारागिराने हे घडवलं असेल त्या माणसाचं नाव काय होतं, तो संध्याकाळी घरी जाऊन काय म्हणाला, हे गेलं ते गेलंच. साहेबाला नमुना हवा होता, नमुना मिळाला.

तिथून बाहेर आलात की दोन प्राणी बघायला विसरू नका. एक काळा घोडा. म्हणजे खरा काळा घोडा, वर सातवा एडवर्ड बसलेला. १९६५ मध्ये फोर्टातून उचलून इथे आणला. घोडा गेला तरी जागेचं नाव काळा घोडाच राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, बिनस्वाराचा. दुसरा दगडी हत्ती. घारापुरीच्या बेटावरचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलायला गेले, क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून १९१४ मध्ये जोडले. म्हणजे मुंबईतल्या दोन सगळ्यांत प्रसिद्ध जागांची नावं ज्यांच्यावरून पडली ते दोघंही आपापली जागा सोडून भायखळ्याच्या एका आवारात उभे आहेत, आणि शेजारून हजारो लोक पेंग्विन बघायला जातायत. बाबा म्हणाले, "आपल्यासारखेच. परळचे डोंबिवलीला." मी हसलो. ते हसले नाहीत.

आता मुद्द्याचं.

बहुतेक खासगी गॅलऱ्यांमध्ये चित्राखालची पाटी, भिंतीवरचा मजकूर, हातात देतात तो कागद, सगळं इंग्रजीत. विषय गिरणगाव, विषय वारली, विषय कोळीवाडा आणि मजकूर इंग्रजीत. चाळीच्या त्या प्रदर्शनात भिंतभर मजकूर होता. मेमरी, आर्काइव्ह, डिसप्लेसमेंट. बाबांनी विचारलं काय लिहिलंय. मी दोन-तीनदा वाचलं, मनात जुळवलं आणि सांगितलं, "ते म्हणतायत की राहती जागा गेली की माणसाची आठवण वस्तूंमध्ये जाऊन बसते." बाबा म्हणाले, "मग एवढंच लिहायचं ना."

एवढंच लिहा ना. मराठीत लिहा. आणि कृपा करून ते इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून करू नका, कारण तसंही वाचलंय मी. त्यात 'अवकाशाचे अन्वेषण' असतं आणि ते वाचून माणूस इंग्रजी मजकूर बरा म्हणतो. बाबांना समजेल असं चार ओळी लिहिणारा माणूस बसवायला किती खर्च येतो? आतल्या एका चित्राच्या फ्रेमपेक्षा कमीच येत असेल. त्याबरोबर दोन बाकं ठेवा. सत्तरीच्या माणसाला उभ्याने आठवत नाही. आणि दारावरच्या माणसाला "काय काम आहे"च्या ऐवजी "या, प्रदर्शन बघायला आलात?" एवढं वाक्य शिकवा. त्याचा काही दोष नाही, त्याला जे सांगितलंय ते तो बोलतो. बाबांनाही सोसायटीच्या सेक्रेटरीने तेच सांगितलं होतं.

हे झालं त्यांचं. आपलं काय?

आपण मराठी माणसं नाटकाला जातो, त्यात वाद घालतो, दिवाळी अंकावर भांडतो. चित्राचं नाव काढलं की मात्र "आपल्याला नाही बुवा त्यातलं कळत." जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, आत जायला एक रुपया लागत नाही, तरी आपल्यातले कित्येक जण तिच्या पायऱ्यांवर फक्त मित्राची वाट बघत उभे राहिलेत. कळत नाही हे कारण मला आता पटत नाही. लालबाग-परळचा माणूस दरवर्षी गणपतीत रात्र-रात्र जागून देखावे बघत हिंडतो. गणेशगल्लीचा १९२८ पासूनचा, राजा १९३४ पासूनचा. त्या देखाव्यात मूर्ती असते, प्रकाश असतो, आवाज असतो, हलती चित्रं असतात, वर्तमानपत्रातला विषय असतो. गॅलरीत हेच सगळं ठेवलं की त्याला इन्स्टॉलेशन म्हणतात आणि आपण दबकून उभे राहतो. गणपतीसमोर दबकतो का कुणी? "यंदा सोंड बारीक झाली," "मागच्या वर्षीचा विषय दमदार होता," "डोळे मात्र काय काढलेत," हे सगळं आपण रांगेत उभं राहून मोठ्याने बोलतो. हीच तर समीक्षा. बाबांना कुणी चित्र बघायला शिकवलं नव्हतं. त्यांनी पहिल्या झटक्यात विचारलं की माणसं गप्प का. तो प्रश्न मी कुठल्या परीक्षणात वाचलेला नाही.

वारलीचं बघा. डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक लिहायचं काम बायकांचं होतं, सुवासिनींचं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी तिथे कागद आणि रंग घेऊन गेले, जिव्या सोमा म्हसे कागदावर काढायला लागले, जगभर गेले, २०११ ला पद्मश्री झाले. मोठाच माणूस. आता आपण सोसायटीच्या कंपाउंडवर, मगवर, कुर्त्यावर वारली काढून घेतो आणि त्याला आपली संस्कृती म्हणतो. पण चौक मुळात कुठल्या प्रसंगी लिहितात, कोण लिहितं, हे विचारलं तर? मीही परवापर्यंत सांगू शकलो नसतो.

काळाचौकीला बंद गिरणीच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय होणार, हे मी कित्येक वर्षं ऐकतोय. होईल तेव्हा त्यात माग असतील, फोटो असतील, बहुधा छान प्रकाशयोजना असेल. माझी एक साधी मागणी आहे. साचे खात्यात हाताने बोलायच्या त्या खुणा जिवंत आहेत तोवर कुणीतरी कॅमेरा घेऊन नोंदवून ठेवा. त्या करणारी माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढची आहेत. आणि नोंदवताना धोट्याचंही विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत, जरा बसावं लागेल.

बाबांच्या खुणा मी मागच्या आठवड्यात मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. अकरा झाल्या. बाराव्याला ते अडकले, हात हवेत धरून आठवत बसले. नाहीच आठवली.

त्या चाळीच्या प्रदर्शनानंतर बाबांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. आत गिरणीचा पितळी बिल्ला, एक पगाराची चिठ्ठी आणि आईची जुनी लग्नपत्रिका निघाली. ट्रंक हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी ठेवलीय. आईचं म्हणणं, गंजका पत्रा पाहुण्यांसमोर कशाला. बाबांचं म्हणणं, तिथे फोर्टात याला ए.सी. लावून ठेवलाय. परवा मला म्हणाले, खाली एक पाटी लाव, म्हणजे ही गप्प बसेल. मराठीत लिही.

मी आत्तापर्यंत एवढंच लिहिलंय: 'पत्र्याची ट्रंक. कणकवली ते परळ, १९६६.' बाबा म्हणतात, बरोबर आहे, पण त्यात खोलीतल्या बाकीच्या चोवीस जणांची नावं पण घाल. सतरा आठवलीत. बाकीची रविवारी गावी फोन लावून विचारणार आहोत.